ऑक्टोपसची राखण

मादागास्करच्या किनाऱ्यावरचा ऑक्टोपस जेमतेम वर्ष-सव्वा वर्ष जगतो. मादी आयुष्यात एकदाच अंडी घालते, लाखांच्या हिशेबात. मग बिळात बसून ती राखते, खाणं सोडते आणि पिल्लं बाहेर पडली की मरते. पिल्लं काही आठवडे प्रवाहाबरोबर तरंगत राहतात, मग कुठल्या तरी खडपावर, म्हणजे समुद्रातल्या खडकाळ पट्ट्यावर, उतरतात, आणि तिथून पुढे वाढ इतकी झपाट्याने होते की अर्ध्या किलोचा प्राणी दोन-तीन महिन्यांत दीड-दोन किलोच्या घरात जातो. मादागास्करच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर मी जे काम केलं ते सगळं या हिशेबावर उभं होतं. खडपाचा एक तुकडा थोडे महिने सोडायचा, तेवढ्यात माल वाढतो, मग उघडायचा. कागदावर एवढंच आहे.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शिकताना ऑक्टोपस मी पाहिला होता तो ट्रॉलरच्या मालात, माकुलांबरोबर (स्क्विडबरोबर) आलेला. आमच्या रत्नागिरीत घरी आणून त्याचं कालवण करणारं कुणी मला माहीत नाही. तो निर्यातवाल्यांचा माल. मादागास्करमध्ये एका संस्थेचं मासळी मोजणीचं आणि गावच्या मंडळाला मदत करण्याचं काम मिळालं, तेव्हा आईचा पहिला प्रश्न होता, "त्याला पकडतात तरी कसा?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तुलेआर या शहरापासून उत्तरेला किनाऱ्याकिनाऱ्याने वेझू लोकांची गावं आहेत. समुद्रावरच जगणारे लोक. त्यांच्या होड्या पाहून मला मालवण आठवलं, कारण उलांडी, म्हणजे तोल सांभाळायला बाजूला बांधलेलं लाकूड, तशीच. फक्त होडी एका अखंड ओंडक्याची, हलक्या लाकडाची, आणि वर चौकोनी शीड. मादागास्करमध्ये गुजराती वंशाचे व्यापारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांना तिथे काराना म्हणतात. माझा रंग पाहून गावाने मलाही काराना ठरवलं आणि पहिल्याच संध्याकाळी एका बाईंनी विचारलं, "किलोला काय देणार?" मी विकत घ्यायला आलेले नाही, मोजायला आले आहे, हे पटवायला बराच काळ गेला. नुसतं मोजायला इतक्या लांबून कोण येतं, असं त्यांचं म्हणणं. रास्तच होतं.

या भागात ऑक्टोपस, म्हणजे त्यांचा हुरिता, आधी घरात खायचा किंवा वाळवून ठेवायचा. दोन हजार सालानंतर निर्यात कंपन्यांच्या गाड्या बर्फ घेऊन गावात येऊ लागल्या आणि युरोपात जाणाऱ्या मालाला रोकडा पैसा मिळू लागला. तेव्हापासून उधाणाच्या, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या, ओहोटीला अख्खं गाव खडपावर. माल घटतोय हे म्हाताऱ्यांच्या लवकर लक्षात आलं. आंदावादुआका गावाने नोव्हेंबर २००४ मध्ये नुसी फासी हा वाळूच्या बेटाभोवतीचा खडप सात महिने बंद ठेवून पाहिला, ब्ल्यू व्हेंचर्स या संस्थेच्या साथीने. उघडल्यावर मोठमोठे ऑक्टोपस निघाले, शेजारच्या गावांनी पाहिले आणि लोण पसरलं. २००६ मध्ये त्या परिसरातल्या गावांनी मिळून वेलुन्द्रियाके नावाचं स्वतःचं सागरी क्षेत्र आखलं. सरकारनेही २००५ पासून १५ डिसेंबर ते ३१ जानेवारी अशी बंदी घातली आणि ३५० ग्रॅमपेक्षा लहान ऑक्टोपस पकडायला मनाई केली.

या ३५० ग्रॅमबद्दल थोडं सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. त्याच भागात झालेल्या अभ्यासात दिसलं की निम्म्या माद्या वयात येतात त्या सुमारे २,२५० ग्रॅमच्या झाल्यावर, नर मात्र साडेसहाशेच्या आसपास. म्हणजे कायदा तंतोतंत पाळला तरी मादी अंडी घालण्याच्या कितीतरी आधी टोपलीत जाते. कायद्याची मर्यादा दोन किलोंवर न्या म्हटलं तर कोण ऐकणार? पकडताना एकदा सळई घुसलेला ऑक्टोपस लहान निघाला म्हणून परत सोडून काही उपयोग नसतो. त्यामुळे आकार मोजत बसण्यापेक्षा जागाच बंद ठेवणं लोकांना पटतं. राखणही सोपी: त्या खडपावर माणूस दिसला की तो गुन्हेगार.

आम्ही ज्या गावात होतो (नाव देत नाही, कारण पुढे थोडी भांडणं आहेत) तिथे जागा ठरवण्याची सभा चिंचेच्या झाडाखाली झाली. पुढे पुरुष, मागे बायका, मधे पोरं. मंडळाच्या अध्यक्षांनी गावासमोरचा खडप सुचवला. कारणं चोख होती: गावातून डोळ्यांनी दिसतो, राखायला वेगळा माणूस नको, सीमा सांगायला वाळूचा दांडा आणि एक जुनं खडकाचं टोक आहे. सगळे माना डोलावत होते. तेवढ्यात मागून एक आजी उठल्या. त्यांचं म्हणणं मला सहकाऱ्याने तिथल्या तिथे सांगितलं: "तुमच्याकडे होड्या आहेत, तुम्ही बाहेरच्या खडपावर जाल, बुडी माराल. आम्ही चालत कुठे जायचं?"

हा मुद्दा कुठल्याही तक्त्यात येत नाही. ऑक्टोपसची मासेमारी तिथे दोन तऱ्हेची आहे. बायका आणि म्हातारी माणसं ओहोटीला उघड्या पडलेल्या खडपावर गुडघाभर पाण्यातून चालत सळईने बिळं धुंडाळतात. तरणे पुरुष होडीने बाहेरच्या उतारावर जातात आणि डोळ्यांना काच लावून श्वास रोखून बुडी मारतात. हवेच्या टाक्या वगैरे काही नाही. चालत जाण्याजोगा खडप बंद झाला की झळ लागते ती पहिल्यांना. आणि अडीच-तीन महिन्यांनी उघडतो तेव्हा सगळे सारखेच धावतात.

सभा त्या दिवशी मोडली. पुढच्या सभेत समोरच्या खडपाचा उत्तरेकडचा भाग बंद आणि दक्षिणेकडचा बायकांसाठी खुला, असं ठरलं. मासेमारीच्या एकूण जागेचा साधारण पाचवा हिस्सा. त्याहून जास्त बंद केलं तर उरलेल्या जागेवर गर्दी होते आणि एका हाताने वाचवलेलं दुसऱ्या हाताने जातं.

जागेनंतर तारीख. यात मात्र मी कामाला आले, कारण भरती-ओहोटीचा तक्ता वाचणं हे माझं घरचं काम. आमच्या रत्नागिरीत उधाणाची ओहोटी पहाटे नि संध्याकाळी लागते. तिथे ती सकाळी दहा-अकराच्या सुमारास, चांगल्या उजेडात. अमावास्या-पौर्णिमेच्या आगेमागे चार-पाच दिवस खडप उघडा पडतो, भांगाच्या दिवसांत, म्हणजे ओहोटी छोटी असते तेव्हा, झाकलेला राहतो. म्हणून बंदी भांगात सुरू करायची, म्हणजे पहिल्याच दिवशी कुणाच्या तोंडचा घास जात नाही, आणि उघडायची ती मोठ्यात मोठ्या ओहोटीच्या दिवशी. तक्त्यावर बोट ठेवून मी दिवस सांगितला. एका म्हाताऱ्या तांडेलांनी आकाशाकडे न बघता, बोटं मोजून तोच दिवस सांगितला आणि माझ्याकडे बघून हसले.

मग खरेदीदार. त्याला सभेला बोलावणं अत्यंत गरजेचं, हे गावाला आधीच्या अनुभवावरून माहीत होतं. बंद जागेतला माल त्याने घ्यायचा नाही, ही एक अट. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे उघडण्याच्या दिवशी त्याने पुरेसा बर्फ आणि पुरेशी रोकड घेऊन यायचं. एरवीच्या कित्येक पट माल एका सकाळी किनाऱ्यावर येतो. गाडी तुलेआरहून वाळूच्या रस्त्याने येते. ती वाटेत रुतली तर दुपारपर्यंत ढीग उन्हात. आणि बर्फ कमी पडला की दर पाडायला निमित्त मिळतं. दर आधी ठरवून अध्यक्षांनी वहीत लिहून घेतला, खरेदीदाराचा अंगठा नव्हे, सही घेतली. "वजन आमच्या काट्यावर," अशीही अट घातली. त्याने उलट अट घातली की माल गोड्या पाण्यात भिजवलेला चालणार नाही. ऑक्टोपस गोड्या पाण्यात ठेवला की पाणी पिऊन वजनाला फुगतो, हे दोन्ही बाजूंना चांगलं ठाऊक होतं. थोडा वेळ कुणीच कुणाकडे पाहिलं नाही.

नियम तोडला तर दंड किती, हे 'दिना'त असतं. दिना म्हणजे गावकीने ठरवलेला कायदा. मादागास्करमध्ये त्याला सरकारदरबारीही मान आहे. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते, पण ती वरून येते आणि ती मोडली तर अधिकाऱ्याने पकडायचं. तिथे पकडणारा तुमचा चुलता असतो. यात सोय आहे तशी अडचणही.

बंदीचे महिने बाहेरून पाहणाऱ्याला कंटाळवाणे वाटतील. माझं काम उरलेल्या खुल्या खडपांवरचा माल मोजण्याचं होतं. बायका परतल्या की खरेदीदाराच्या झोपडीशी बसायचं. प्रत्येक ऑक्टोपसचं वजन, डोळ्यांपासून डोक्याच्या टोकापर्यंतची लांबी, नर की मादी, कुठल्या खडपावरचा, चालत की बुडी मारून, किती वेळ लागला. नर ओळखायचा तो उजव्या बाजूच्या तिसऱ्या हातावरून: त्याच्या टोकाला चोषकं नसतात, छोट्या चमच्यासारखं गुळगुळीत टोक असतं. पण मेलेला ऑक्टोपस म्हणजे आठ हातांचा गुंता. आधी डोळे वर करून सरळ मांडायचा, मग उजवं कुठलं ते ठरवायचं, मग एक-दोन-तीन. सुरुवातीला मला प्रत्येकाला इतका वेळ लागायचा की रांग खोळंबायची. एक दहा-बारा वर्षांची मुलगी शेजारी बसून मी हात लावायच्या आधी "नर," "मादी" सांगायची. मी तपासून पाहायचे. ती बरोबर असायची. पुढे मी तिलाच विचारून लिहू लागले, अधूनमधून पडताळा घेत.

चोरी एकदा झाली. भल्या पहाटे दोन तरुण बंद खडपाच्या कडेला होडी लावून बुडी मारताना दिसले. शेजारच्या गावचे असते तर प्रकरण सरळ होतं; ते याच गावचे निघाले, त्यातला एक मंडळातल्या एका सभासदांचा जावई. दंड घ्यायचा की समज द्यायची यावर बराच खल झाला. मंडळातले दोघे म्हणाले, पहिल्यांदाच आहे, सोडून द्या. सभेत ज्या आजी उठल्या होत्या त्या म्हणाल्या, "ठीक आहे, मग उद्या मी जाते." दंड घेतला. जावयाने तो दोन हप्त्यांत भरला, आणि सासरे-जावई काही दिवस एकमेकांशी बोलत नव्हते.

उघडण्याच्या दिवशी पहाटेपासून क्षितिजावर शिडं दिसायला लागली. आजूबाजूच्या गावांतले पाहुणे, नातेवाईक, नातेवाईक म्हणवणारे. त्यांना नाही म्हणता येत नाही, कारण त्यांच्या खडपाच्या उघडण्याला हे गेलेले असतात. पाणी ओसरेपर्यंत सगळ्यांनी वाळूच्या दांड्यावर थांबायचं. म्हाताऱ्यांनी पूर्वजांना साकडं घातलं, थोडी रम वाळूत ओतली, थोडी स्वतःकडे ठेवली. अध्यक्षांनी दिना वाचून दाखवला: प्रवाळ फोडायचं नाही, जाळं नाही, साडेतीनशे ग्रॅमच्या आतला नाही, बिळात अंडी दिसली तर हात लावायचा नाही. शेवटचं वाक्य कुणाला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही, कारण तोवर लोक पाण्यात शिरले होते.

मी बायकांबरोबर चालत गेले. पायात प्लास्टिकच्या चपला, कमरेला दोरीने बांधलेलं पोतं. मला ऑक्टोपस एकही दिसेना. माझ्यापुढे चालणाऱ्या काकू थांबल्या आणि त्यांनी सळईने एका भोकाच्या तोंडाकडे बोट केलं: चार-पाच गोटे नीट रचून ठेवल्यासारखे, शेजारी खेकड्याच्या कवचाचे ताजे तुकडे. खाऊन उष्टं दारात टाकायची याची सवय, त्यावरूनच घर सापडतं. त्यांनी एक काठी आत सारून हलवली. एक हात बाहेर आला, काठीला विळखा पडला, आणि त्याच क्षणी दुसऱ्या हातातली सळई खाली गेली. पाणी शाईने काळंकुट्ट. मग ओढाताण, कारण तो खडकाला चिकटून बसतो आणि सुटत नाही. इथेच लोकांना प्रवाळ फोडायचा मोह होतो. काकूंनी वाट पाहिली, पकड सैल होऊ दिली, बाहेर काढला आणि डोक्याची पिशवी एका झटक्यात उलटी केली. वजन नंतर केलं, अडीच किलोंच्या वर. एरवी त्यांच्या पोत्यात अर्ध्या-पाऊण किलोचे असायचे.

पलीकडे बाहेरच्या कडेला बुडी मारणाऱ्यांचं काम वेगळं. ते भांगातही जाऊ शकतात, पाणी चढलं तरी थांबत नाहीत. आमच्याकडचे चालणारे दीड-दोन तासांत पाणी वाढलं म्हणून परतले. बुडीवाल्यांच्या होड्या दुपारनंतर आल्या, पोती भरून. त्यांतल्या एका होडीत बिळावर अंडी राखत बसलेली मादी होती. अशी मादी लगेच ओळखू येते: हात बारीक, कातडी लोंबती, वजन नाहीच. तिचं थोडंच आयुष्य उरलेलं असतं, पण मागे राहिलेली अंडी राखणीवाचून वाया जातात. पकडणाऱ्याला मिळाले ते किरकोळ पैसे. नियम वाचून दाखवलेला होता. बुडीत असताना बिळाच्या छताला लोंबणारी अंडी कितीजणांना दिसतात, हा प्रश्नच आहे.

त्या दिवसाचं वजन करता करता माझे हात बधिर झाले. गाडी आली, बर्फ पुरला, दर पाळला गेला. या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी होणं दुर्मीळ आहे असं अध्यक्ष म्हणाले. वेलुन्द्रियाके परिसरातल्या २००४ ते २०११ दरम्यानच्या ३६ बंदींचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात उघडल्यानंतरच्या महिन्यात त्या जागांवरचा माल सातशे टक्क्यांहून जास्त वाढला आणि माणशी दिवसाची पकड जवळजवळ दुप्पट झाली, असं दिसलं. सातशे हा आकडा सगळीकडे सांगितला जातो, पण त्यात गर्दीही आहे. माणूस कित्येक पट आला तर माल वाढणारच. माझ्या मते दुप्पट हाच खरा आकडा, आणि तोही कमी नाही.

आमच्याकडे दुसऱ्या दिवशी माल बराच कमी झाला, चौथ्या दिवशी आणखी. पुढच्या उधाणाला मोजलं तेव्हा उघडलेला खडप आणि शेजारचा कधीच बंद न केलेला खडप यांत काटा फारसा फरक दाखवत नव्हता. म्हणजे महिनोन्‌महिने साठवलेलं एका उधाणात संपलं. मला हे भयंकर वाटलं. गावात कुणाला वाटलं नाही. त्यांचं म्हणणं, जे लहान असताना विकलं असतं तेच मोठं करून विकलं, पैसे एकदम हातात आले, शीड नवं घेता आलं, पोराची शाळेची फी भरली. शिल्लक राहायला कशाला हवं? पुन्हा बंद करू.

हे ऐकल्यावर माझाही विचार थोडा बदलला. ऑक्टोपसचा साठा वर्षानुवर्षं वाढवत न्यायचा, ही कल्पना वर्षभर जगणाऱ्या प्राण्याला लागू पडतेच असं नाही. पण एक खटकलं ते खटकलंच. माझ्या वहीतल्या नोंदींप्रमाणे बंदीआधी समोरच्या खडपावरच्या मालात बायकांचा वाटा मोठा होता; उघडण्याच्या दिवसांत तो बुडी मारणाऱ्यांकडे झुकला. ज्यांनी सगळ्यात जास्त सोडलं त्यांना सगळ्यात कमी मिळालं. मी हे आकडे सभेत मांडले तेव्हा पुरुषांनी आकड्यांत चूक काढायचा प्रयत्न केला, आणि तो मला योग्यही वाटला. मी त्यांच्या जागी असते तर तेच केलं असतं. पण वजनं त्यांच्याच काट्यावर केलेली होती.

पुढच्या वेळेसाठी आजींनी सुचवलं की पहिले दोन दिवस फक्त चालणारे, होडी आणि बुडी तिसऱ्या दिवसापासून. तरुणांनी हरकत घेतली की तोवर ऑक्टोपस हुशार होऊन बिळं बदलतो. अध्यक्षांनी एक दिवसावर तडजोड केली. खरेदीदार म्हणाला, दिवस वाढला की माझी गाडी एक मुक्काम जास्त राहणार, बर्फ वितळणार, त्याचे पैसे कोण देणार? अर्धे गावाने द्यावेत अशी त्याची मागणी होती. किलोमागे थोडी रक्कम कापून बर्फाचा खर्च काढावा असं मंडळाचं म्हणणं, आणि ती फक्त बुडीच्या मालातून कापावी असं बायकांचं. मी निघाले तेव्हा जागा ठरली होती, तारीख ठरली होती, बर्फावर अजून घोळ चालू होता.